दोन माणसांची गाडी

पेठ नाक्यापाशी हमरस्ता सोडून आष्ट्याच्या दिशेला वळलं, की थोड्याच वेळात वास येऊ लागतो. शिजणाऱ्या हळदीचा वास. स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या हळदीशी त्याचं फारसं नातं नाही. डब्यातली हळद कोरडी आणि गुमान असते. ही ओली, नुकती जमिनीतून निघालेली, अंगावर अजून माती असलेली. तिची वाफ आधी उकडलेल्या रताळ्यासारखी गोडसर वाटते, मग घशाशी काहीतरी कडवट रेंगाळतं, आणि पुढचे दोन-तीन मैल ते कडवटपण जिभेवर बसून राहतं. माघ सरत आलेला असतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या डुलत असतात. शेताच्या कडेला हळद शिजवायच्या लोखंडी कुकरांतून पांढरी वाफ निघत असते, आणि वाफेच्या पलीकडं काम करणाऱ्या बायकांचे हात कोपरापर्यंत पिवळे दिसतात.

यंदाही तो वास आला आणि मी शेजारी बघितलं. कुसुम गाडी चालवत होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, डोळ्यांवर चष्मा, दोन्ही हात बारीक चाकाच्या स्टिअरिंगवर. तिनं रस्त्यावरची नजर न काढता फक्त एकदा खोल श्वास घेतला. गेल्या वर्षीचा सगळा हंगाम त्या एका श्वासात आत गेला असावा. माझ्या तर गेलाच.

कुसुम माझी बायको. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून लागली आणि वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाली. मी जनावरांचा डॉक्टर होतो, तिच्या आधी दोनेक वर्षं घरी बसलो. आम्ही दोघंही मूळचे माण तालुक्यातले, म्हसवडच्या बाजूचे. दोघांच्याही घरी मेंढरं होती. आता कराडजवळ मलकापुरात छोटं घर आहे, मुलगी पुण्याला आहे, आणि दोन निवृत्त माणसांच्या घरात असावी तेवढी शांतता आहे.

निवृत्तीनंतर काय करायचं, असं तिला सगळ्यांनी विचारलं. बहिणींना वाटलं, पाटल्या करील. मुलीला वाटलं, आम्ही दोघं कुठंतरी लांब फिरायला जाऊ. कुसुमनं सगळ्यांना हसून टाळलं आणि एका दुपारी मला सांगितलं, की तिला एक गाडी घ्यायची आहे. जुनी, ब्रिटिश बनावटीची, वरून उघडी, दोनच माणसांची. स्पोर्ट्स गाडी. हे सांगताना ती मेथी निवडत होती आणि तिचे हात थांबले नाहीत.

मी आधी गंमत समजलो. मग तिच्याकडं बघितलं आणि गंमत नाही हे कळलं. तिनं एवढंच सांगितलं, की लहानपणी मेंढरांमागं चालताना अशी एक गाडी तिनं पाहिली होती. "बाकीच्या सगळ्या गाड्या मी खालून मान वर करून बघितल्या," ती म्हणाली. "ती एकटीच गाडी मी वरून बघितली. एवढी बुटकी होती."

मुलीनं फोनवर ऐकलं आणि थंड हवेची, गिअर नसलेली नवी गाडी घे म्हणून समजावलं. म्हसवडचा मेव्हणा मात्र घरी आला, चहा प्यायला, आणि जाता जाता उंबऱ्यात थांबला. "आक्के, त्यापरीस मेंढरं घ्यायची हुतीस. त्यास्नी पेट्रोल लागत न्हाई." त्याच्या बोलण्यात चेष्टा होती, पण काळजीही होती. साठीच्या बाईनं काय मागावं याची त्याच्या मनातली यादी लहान होती. माझ्याही मनातली तेवढीच लहान होती, फक्त मी ती बोलून दाखवली नाही.

तर आम्ही गाडी शोधायला लागलो. आमच्या जुन्या छोट्या गाडीत बसून दुसरी, त्याहून पुष्कळ जुनी गाडी शोधत आम्ही त्या थंडीत सातारा जिल्हा पालथा घातला. साताऱ्याला एका निवृत्त फौजी साहेबांच्या बंगल्यात गाडी होती, नाव इंग्रजी होतं, पण पुढचे दिवे स्कूटरचे आणि मागची बाजू पत्रेवाल्याकडून ठोकून घेतलेली. साहेब मोठ्या अभिमानानं दाखवत होते. कुसुमनं तिच्याभोवती एक फेरी मारली, साहेबांच्या पत्नीच्या गुडघेदुखीची चौकशी केली, आणि आम्ही निघालो. पाचगणीला एका हॉटेलच्या बागेत अगदी हवी तशी गाडी होती. बॉनेट काढून त्यात माती भरली होती आणि मातीत जिरेनियम फुलले होते. पर्यटक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. मालक म्हणाला, इंजिन होतं तेव्हा तिला कुणी बघत नव्हतं. कुसुम बराच वेळ त्या फुलांकडं बघत राहिली. उतरताना पसरणीच्या घाटात ती म्हणाली, की माणसाचं असं झालेलं तिनं वॉर्डात पाहिलं आहे.

आष्ट्याचा निरोप माझ्यामुळं आला. नोकरीत काही वर्षं मी त्या भागात होतो. तिथल्या एका म्हशीवाल्यानं कुणाकडून तरी ऐकलं आणि फोन केला, की डॉक्टर, आमच्या आळीत एक बुटकी लाल गाडी हाय, लई वरसं झाकून ठेवलीया, तुमी येऊन बघा.

आम्ही गेलो तेव्हा हळदीचा हंगाम नुकता सुरू झाला होता. घर हळदीच्या व्यापाऱ्याचं. पुढं मोठं अंगण, एका बाजूला पत्र्याची शेड, आणि अंगणभर वाळत घातलेली हळकुंडं. सुजित नावाचा पस्तिशीतला मुलगा सगळा व्यवहार बघत होता. त्यानं शेडचं दार सरकवलं, मागच्या कोपऱ्यातल्या गोणपाटांचा ढीग बाजूला केला, आणि खालचं जाड कापड ओढलं.

लाल रंग विटकरी झाला होता. त्यावर बारीक पिवळी धूळ बसली होती. सायकलसारखी तारांची चाकं, लांब नाक, गोल घड्याळांची रांग, आणि मांडीच्या उंचीला येणारं दार. चामडं फाटलं होतं पण उंदरांनी खाल्लं नव्हतं. कुणीतरी आतून-बाहेरून वेळोवेळी पुसलं असावं, असं वाटलं. कुसुमनं दाराच्या वरच्या कडेवर हात ठेवला. बोलली काहीच नाही. इतकी वर्षं तिच्याबरोबर राहून मला एवढं कळतं, की ती बोलत नाही तेव्हा गोष्ट ठरलेली असते.

गाडी सुजितच्या वडिलांची होती. त्यांना सगळे नाना म्हणत. तरणेपणी त्यांनी ती मुंबईत एका परदेशी साहेबाकडून घेतली, स्वतः चालवत घाट चढून आणली, आणि पुष्कळ वर्षं हौसेनं वापरली. सांगलीला पत्त्यांचा क्लब, कोल्हापूरला कुस्त्या, मित्राला शेजारी बसवून निघायचं. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता ते पडवीत, भिंतीला पाठ लावलेल्या खुर्चीत बसून असत, आणि त्या खुर्चीतून शेडचं दार दिसे.

शेड सुजितला हवी होती. हळद पॉलिश करायचं नवं यंत्र येणार होतं. त्याचं बोलणं सरळ होतं आणि गाडी चांगल्या हातात जावी अशी त्याची इच्छाही होती. किंमत ठरायला वेळ लागला नाही. फक्त कागद नानांच्या नावावर होते, त्यामुळं त्यांचा अंगठा लागणार होता.

कुसुमनं विचारलं, नानांना विचारलंय का.

सुजित जरा ओशाळला. त्यानं जे सांगितलं ते असं. झटक्यानंतर नानांच्या तोंडात एकच शब्द राहिला होता, 'न्हाई'. जेवणार का म्हटलं तरी न्हाई म्हणायचे आणि दोन भाकरी खायचे. ऊन लागतंय का, न्हाई. झोपायचं का, न्हाई. सुरुवातीला घरच्यांनी त्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला, ताट परत नेलं, आणि ते रडले. मग हळूहळू सगळ्यांनी त्या शब्दाकडं लक्ष देणं सोडलं. गाडीबद्दल विचारलं तेव्हाही ते न्हाईच म्हणाले होते. "आता त्याचा अर्थ काय लावायचा, मॅडम? अंगठा घेऊ की आपण. ते काय ओढून घेणार न्हाईत."

कुसुम पडवीत गेली. नानांच्या समोर बसली. त्यांची पत्नी, शालनताई, दारात उभी होती. हातावर हळदीचे डाग, कपाळावर मोठं कुंकू, चेहऱ्यावर दमलेल्या माणसाची शांतता. कुसुमनं नानांना विचारलं, तुमचं नाव नाना का. ते म्हणाले, न्हाई. आज पाऊस पडतोय का. न्हाई. बाहेर लख्ख ऊन होतं. दोन्ही उत्तरं एकाच आवाजात आली, पण दुसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांत किंचित हसू होतं. ते मलाही दिसलं.

ती उठली आणि सुजितला म्हणाली, "मी नोकरीत कितीतरी अंगठे घेतलेत. ऑपरेशनच्या आधी, शुद्धीत असलेल्या माणसांचे. त्याला कळलंय, एवढी खात्री करूनच घ्यायचा असतो. नानांना सगळं कळतंय. त्यांना फक्त सांगता येत नाही. त्यांनी हो म्हटलं तर मी गाडी घेईन."

"पण ते हो म्हणणार कसं?" सुजितनं विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता.

परतताना गाडीत मी तिला तेच विचारलं. हवी ती गाडी डोळ्यांसमोर होती, घरचे द्यायला तयार होते. ती म्हणाली, की हो आणि नाही यांची अदलाबदल होणं अशा आजारात नेहमीचं आहे. तोंडाचा रस्ता बंद असेल तर दुसरा शोधायचा. काचेबाहेर कुकरांची पांढरी वाफ मागं पडत गेली.

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही आष्ट्याला जाऊ लागलो. मी नुसताच बरोबर. सुजितबरोबर अंगणात बसून हळकुंडं पालथी करायचो, त्याच्या गाईला बघायचो, आणि पडवीतून येणारा कुसुमचा आवाज ऐकायचो. ती नानांचा उजवा हात हळूहळू उघडायची, बोटं एकेक सोडवायची, खांदा फिरवायची. डाव्या हाताशी तिनं वेगळी भाषा जुळवायला घेतली होती. हो असेल तर माझा हात दाबा, नाही असेल तर सोडून द्या. आधी काही जमेना. कधी सगळ्यालाच दाबायचे, कधी हात तसाच पडून राहायचा. एकदा त्यांनी वैतागून तिचा हात झटकला. ती थांबली, चहा प्यायली, आणि पुन्हा सुरू.

एका गुरुवारी तिनं शालनताईंना समोर बोलावलं आणि नानांना विचारलं, या तुमच्या कोण, बहीण का. हात सुटला. बायको का. हात दाबला गेला. मग पुन्हा उलट क्रमानं विचारलं, पुन्हा तेच. शालनताई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी पुढं होऊन विचारलं, "आवं, कालची आमटी खारट झाल्ती का?" हात जोरात दाबला गेला. दीड वर्षांनी नवऱ्यानं त्यांच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं होतं, आणि ती बाई हसत हसत डोळे पुसत आत गेली.

त्या दिवशी कुसुमनं गाडीचा प्रश्न विचारला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. नानांना आता घरातले सगळेच काही ना काही विचारत होते, आणि त्या आनंदात आपली मागणी घुसवायला तिला जड जात असावं. मग एकदा तिनं विचारलं. अगदी साध्या शब्दांत. नाना, गाडी मला विकत द्याल का. मी शेजारी होतो. नानांनी तिच्याकडं बघितलं, मग शेडच्या दाराकडं, आणि तिचा हात सोडून आपला हात मांडीवर नेऊन ठेवला.

तिनं पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारलं. हात मांडीवरच राहिला.

"बरं," कुसुम म्हणाली, आणि त्यांच्या खांद्याचा व्यायाम घ्यायला लागली.

मला त्या दिवशी तिच्यासाठी फार वाईट वाटलं. परतीच्या वाटेवर मी काहीतरी समजुतीचं बोलू लागलो तर तिनं मला थांबवलं. "त्यांचं नाही आज कुणीतरी ऐकलं," ती म्हणाली. "किती दिवसांनी." तिचा आवाज हलका होता. दुःख त्यात होतं, पण वॉर्डात एखाद्याचा ताप उतरल्यावर घरी येऊन सांगायची तसाच तो आवाज होता. एखाद्याला हवं ते देणं आपल्याला कळतं. एखाद्याचा नकार त्याला परत मिळवून देणं, आणि तो नकार आपल्यालाच असणं, हे मी पहिल्यांदा जवळून पाहत होतो.

गाडी मिळणार नव्हती, तरी गुरुवार चुकले नाहीत. सुजितनं पॉलिशचं यंत्र अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि गाडीबद्दल विचारत आलेल्या पुण्याच्या एका व्यापाऱ्याला स्वतःच नाही म्हणून टाकलं. वडिलांचं उत्तर कळल्यावर त्याला दुसरं काही करता येईना.

अशाच एका दुपारी मी पडवीच्या पायरीवर बसलो होतो. हळदीचा वास अंगणात साचून राहिला होता. कुसुम नानांची बोटं चोळत बोलत होती, आणि बोलता बोलता मेंढरांच्या गोष्टीवर आली. मला वाटलं, ही गोष्ट मला माहीत आहे. गाडी आली, वरून बघितली, गेली.

पण तिनं नानांना सांगितली ती वेगळीच होती. त्या वर्षी दुष्काळ होता आणि कळप घेऊन ती मंडळी पश्चिमेला निघाली होती. कुसुम आठेक वर्षांची. वाटेत एक मेंढी व्यायली, आणि ओलं कोकरू कुसुमच्या हातात दिलं गेलं. ते छातीशी धरून ती चालत होती, पायात काही नव्हतं, कळपाच्या मागं पडत चालली होती. मागून ती गाडी आली. सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. गाडी चालवणाऱ्या बाईनं भोंगा वाजवला नाही. इंजिन बंद केलं आणि वाट बघत बसली. मग तिचं लक्ष कुसुमकडं गेलं. तिनं पलीकडचं दार उघडलं. कुसुम कोकरासकट आत बसली, आणि ती बाई माणसाच्या चालीनं गाडी हाकत कळपाच्या मागून मुक्कामापर्यंत आली. भाषा एकमेकींची कळत नव्हती. कोकरानं सीटवर घाण केली तर ती बाई हसली. उतरल्यावर वडिलांनी कुसुमला एक चापट मारली, परक्याच्या गाडीत बसल्याबद्दल.

"तिच्याकडं बघून मला वाटलं, बाईमाणूस असं पण असतं," कुसुम नानांना म्हणत होती. "कुणी सोबत नाही, कुणाला विचारायचं नाही, आणि घाई पण नाही. मग मी शाळेत जायचं म्हणून हट्ट धरला. मला ती गाडी कुणाला दाखवायला नकोय, नाना. मला फक्त तिच्या जागेवर बसून बघायचंय."

आमच्या लग्नाला तीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती आणि हे मला ठाऊक नव्हतं. तिनं लपवलं होतं असं नाही. मी कधी पुढं विचारलं नव्हतं, एवढंच. आणि नानांसमोर बसून तिला बोलणं सोपं गेलं, कारण ते मध्येच तोडणार नव्हते, हसणार नव्हते, सल्ला देणार नव्हते. नाना तिच्याकडं टक लावून बघत होते. आम्ही नेहमीसारखे निघालो.

पुढच्या वेळी नानांची खुर्ची पडवीत नव्हती. शेडच्या दारात होती. सुजित म्हणाला, सकाळपासून बोट दाखवून दाखवून जीव खाल्ला, शेवटी इकडं आणून ठेवलं. गाडीवरचं कापड काढलेलं होतं. कुसुमनं नानांचा हात हातात घेतला आणि विचारलं, गाडी चालू करून बघायची का. हात दाबला गेला.

कराडहून रफीकभाईंना आणलं. जुन्या गाड्यांत आयुष्य गेलेला, कमी बोलणारा मिस्त्री. त्यांनी अंगणातच ताडपत्री अंथरली आणि काही आठवडे तिथं काम चाललं. पेट्रोलची टाकी गंजली होती, रबर सगळं वाळून गेलं होतं, काही सामान विलायतेहून मागवावं लागलं. एकीकडं हळद शिजत होती, दुसरीकडं कार्बुरेटर उकळत्या पाण्यात धुतला जात होता. बायका हळकुंडं वेचताना मान वळवून बघायच्या. नाना ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवून घ्यायचे. त्यांच्या डाव्या हातात पाना दिला की ते तो धरून ठेवायचे आणि रफीकभाईंनी मागितला की पुढं करायचे. चुकीचा पाना गेला तरी रफीकभाई काही न बोलता तो घेत आणि मागून दुसरा उचलत.

इंजिन सुरू झालं ते चैत्र सरता सरता, एका सकाळी. आधी नुसती खरखर, मग एक मोठा धुराचा लोट, आणि मग घसा साफ केल्यासारखा तो जाड, भरदार आवाज. कोंबड्या पळाल्या. सगळे नानांकडं बघत होते. नाना शेडच्या पत्र्याकडं, वर, कुठंतरी बघत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. रफीकभाई उतरले. सुजित बसायला पुढं झाला, तर नानांनी डावा हात आडवा धरला आणि कुसुमकडं बोट केलं.

सुजित आणि रफीकभाईंनी नानांना उचलून शेजारच्या सीटवर बसवलं. कुसुमनं पदर खोचला, चष्मा नाकावर सरकवला, आणि पहिल्याच झटक्याला इंजिन बंद पाडलं. कुणी हसलं नाही. दुसऱ्या वेळी गाडी अंगणाबाहेर पडली आणि नदीच्या बाजूला वळली. आम्ही सगळे रस्त्यावर येऊन उभे राहिलो.

ते परत आले तेव्हा नानांचे केस विस्कटले होते आणि त्यांचा वाकडा ओठ हसत होता. कुसुमनं इंजिन बंद केलं. काही विचारायच्या आत नानांनी तिचा हात ओढून घेतला आणि दाबला. तिनं तरीही विचारलं, नीट, सगळ्यांदेखत. गाडी मला देताय का? पुन्हा दाबला. मग जरा दम खाऊन आणखी एकदा, जणू तिला शंका राहू नये म्हणून. कागदावरचा अंगठा त्यांनी स्वतः टेकवला, डाव्या हाताचा. सुजितनं फक्त कागद धरला होता.

अशी ती गाडी आमच्या घरी आली. आल्यापासून ती चालते त्याहून जास्त उभी असते. पावसात छप्पर गळतं, उन्हात इंजिन तापतं, आणि रफीकभाईंची आमच्याकडं ये-जा एखाद्या व्याह्यासारखी झाली आहे. मेव्हणा एकदा बसून आला आणि त्यानंतर त्यानं मेंढरांची गोष्ट काढली नाही. कुसुम सकाळी मलकापुरातून निघते, एकटीच, कृष्णेच्या कडेनं थोडं जाऊन येते. कुठं जाऊन आलीस म्हणून मी विचारत नाही. रस्त्यात मेंढरं लागली तर तिला उशीर होतो, एवढं कळतं.

यंदा हंगाम सुरू झाल्यावर आम्ही पुन्हा आष्ट्याला गेलो. कुसुम चालवत, मी शेजारी. अंगणात तीच हळकुंडं, तीच वाफ, पडवीत नाना. ते आता डावा हात धरला तर चार पावलं टाकतात. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी खुर्चीतून उठायची खटपट केली. कुसुम त्यांच्याशी बोलत बसली, चहा झाला, सुजितनं यंदाचा दर सांगितला. निघायची वेळ आली.

शालनताई आम्हाला सोडायला गाडीपर्यंत आल्या. पिवळे हात पदराला पुसले आणि दाराच्या कडेवरून एक बोट फिरवलं, धूळ आहे का बघावी तसं. शेडमध्ये असताना ती गाडी पुसणारे हात हेच, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"कुसुमताई," त्या म्हणाल्या, "मला बी एकडाव बसवता का?"

कुसुमनं त्यांच्याकडं बघितलं. "तुम्ही कधी बसला नाहीत?"

"न्हाई ओ. नवी आणली तवा सासू-सासरं हुतं, उघड्या गाडीत सुनंनं कसं बसायचं. मग पोरं झाली. पोरांस्नी घिऊन बसाय जागा कुटं हाय त्यात?" त्या जरा थांबल्या. "आन् नंतर ह्यांच्याबरूबर कोन ना कोन असायचंच."

तक्रारीचा सूर त्यात नव्हता. हळदीला यंदा पाणी कमी पडलं, असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. मी पडवीकडं बघितलं. नानांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि ते बायकोकडं अशा नजरेनं बघत होते, की मी माझी नजर काढून घेतली. गेल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या मनातलं काढून घेण्यासाठी केवढा खटाटोप केला होता. शालनताईंना तर वाचा होती. चांगली धडधाकट वाचा. चहा देताना, कापड झटकताना, ताट वाढताना त्या आमच्या आसपासच होत्या, आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मी अजून गाडीत बसलो नव्हतोच. कुसुमनं पलीकडचं दार उघडून धरलं. शालनताई आधी तिरप्या टेकल्या, मग पाय आत घेतले, मग लुगड्याच्या निऱ्या गुडघ्यांत घट्ट दाबल्या आणि दोन्ही हातांनी समोरची पट्टी धरली. कुसुमनं स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून त्यांच्या डोक्याला बांधला. इंजिन सुरू झालं. शालनताईंनी डोळे मिटून घेतले. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि उसामागं दिसेनाशी झाली.

मी पडवीत जाऊन नानांच्या शेजारी बसलो. कुकरची वाफ अंगणावरून तरंगत येत होती. आवाज दूर गेला, ऐकू येईनासा झाला. नाना मान पुढं काढून रस्त्याकडं बघत होते. त्यांना परतीची घाई नव्हती, असं मला वाटलं. मलाही नव्हती.

बऱ्याच वेळानं उसापलीकडून इंजिनाचा आवाज पुन्हा उमटला, आणि त्याच्यावरून, अजून गाडी दिसायच्या आधी, एका बाईचं हसणं ऐकू आलं. मोकळं, मोठ्यानं, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू होणारं. कुसुमचं हसणं मी ओळखतो. हे तिचं नव्हतं. मी नानांकडं बघितलं. ते कान देऊन ऐकत होते, एखाद्या अनोळखी माणसाचा आवाज ऐकावा तसे.